ब्रुनोला घेऊन सागरी रस्त्याने: हरिहरेश्वर ते गणपतीपुळे, काय बघाल आणि कुठे जपाल

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक कुटुंब, नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा लॅब्राडोर ब्रुनो, एप्रिलअखेरीस ताम्हिणी उतरून हरिहरेश्वर, वेळास, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे असं समुद्राच्या कडेकडेने जाणार आहे. ब्रुनो आजवर लोणावळ्यापलीकडे गेलेला नाही. वाटेत काय काय बिघडू शकतं, आणि कुत्रा बरोबर असताना नीट बघता येईल असं काय आहे?

मी दापोली तालुक्यात जनावरांचा दवाखाना चालवतो. रोजचं काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचं. दिवाळी, नाताळ आणि मे महिना आला की मात्र पुण्या-मुंबईच्या गाड्यांतून उतरलेली कुत्री दारात उभी असतात. त्यावरून आधी एक सांगतो. लोक घाटाला आणि समुद्राला भितात. घाटात कुत्रा फार तर ओकतो, आणि समुद्रात बुडालेला कुत्रा माझ्याकडे कधी आलेला नाही. येतात ती बहुतेक प्रकरणं गाडी थांबल्यानंतरची. दार उघडलं, माणसं आळस देत उतरली, कुणी मोबाइल काढला, कुणी चहा सांगितला, आणि तेवढ्या वेळात कुत्र्याने काहीतरी गिळलं, कशात तरी नाक घातलं नाहीतर रस्ता ओलांडला. म्हणून हे उत्तर मी मुक्कामामुक्कामाने देतो, रस्त्याबद्दल फार बोलत नाही.

तरी घाटाचं उरकून घेऊ. निघण्याआधी तीन-चार तास ब्रुनोला खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं चालेल. कुत्रा ओकण्याआधी सांगतो: जांभया देतो, ओठ चाटतो, तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागतात. लाळ दिसली की पुढच्या मोकळ्या जागी गाडी बाजूला घ्या. उलटी थांबवणारी कुत्र्यांसाठीची गोळी मिळते, ती तुमच्या डॉक्टरांना विचारून आधीच घरी एकदा देऊन बघा. घरातल्या माणसांच्या औषधांच्या डब्यातलं काही देऊ नका. विशेषतः पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याला बाधतात, आणि "जरा अंग कणकणतंय वाटतं" म्हणून ती दिलेली कुत्री मी पाहतो.

गाडीत हार्नेस घाला आणि तो मागच्या सीटच्या बेल्टला अडकवा. गळ्यातल्या पट्ट्याला अडकवू नका, जोरात ब्रेक लागला तर सगळा झटका मानेवर येतो. काचेचं बटण चालकाच्या दारावरून लॉक करून ठेवा. खिडकीला पंजे टेकवून उभा असलेला कुत्रा नेमका त्याच बटणावर पाय देतो, काच सर्रकन खाली जाते, आणि बाहेर माकड बसलेलं असेल तर पुढचं सांगायला नको. ताम्हिणीत माकडं असतातच, कारण लोक त्यांना वेफर्स घालतात. तिथे गाडी थांबवायची हौस टाळा. एप्रिलमध्ये ताम्हिणीत धबधबे नसतात, डोंगर तांबूस-करडे होऊन उघडे पडलेले असतात. पण करवंदाच्या जाळ्या असतात, एखादा बहावा पिवळाजर्द फुललेला असतो आणि मुळशीच्या पाण्यावर सकाळी सातच्या आत धुरकं उतरलेलं असतं. तेवढं गाडीतूनच बघून घ्या आणि ऊन चढायच्या आत विळे-निजामपूरवरून माणगाव गाठा. तिथून म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर.

आता ऊन. याबद्दल पुणेकरांचा एक ठाम गैरसमज असतो. "पुण्यात एकोणचाळीस होतं, इथे तर तेहतीसच आहे, मग कुत्रा एवढा का धापा टाकतोय?" कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जिभेवरचं आणि श्वासनलिकेतलं पाणी हवेत उडवून स्वतःला गार करतो. पुण्याची हवा कोरडी, पाणी लगेच उडतं. किनाऱ्यावरची हवा आधीच पाण्याने भरलेली असते, मग कितीही धापा टाकल्या तरी अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. कोकणातलं तेहतीस कुत्र्याला पुण्याच्या एकोणचाळीसपेक्षा जड जातं. त्यात ब्रुनो लॅब्राडोर, म्हणजे चेंडू दिसला की मरेस्तोवर पळणारा. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर मी एप्रिल-मेमध्ये कोकणात आणूच नका म्हणतो.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं की काळजी, १०६ च्या पुढे आतडी, मूत्रपिंड, रक्त गोठण्याची यंत्रणा सगळंच धोक्यात. बंद उभी गाडी दहा मिनिटांत आत साधारण दहा अंश सेल्सियसने तापते, काच दोन बोटं उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. "देवदर्शन करून पाच मिनिटांत येतो" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. देवळातली पाच मिनिटं कधीच पाच नसतात. हा प्रवास देवळांचा आहे, हरिहरेश्वर, कड्यावरचा गणपती, व्याडेश्वर, हेदवी, गणपतीपुळे, आणि कुठेही कुत्रा आत नेता येत नाही. तेव्हा दोन पाळ्या करा. एकाने सावलीत कुत्र्याजवळ थांबायचं, दुसऱ्याने दर्शन घेऊन यायचं. मुलीला कुत्र्याजवळ एकटी ठेवू नका. तीस किलोच्या लॅब्राडोरने ओढ घेतली तर दहा वर्षांचं पोर दोरीसकट फरफटत जातं.

कुत्रा ऊन लागून लटपटायला लागला, हिरड्या गडद लाल झाल्या, तोंडाला चिकट फेस आला, तर आधी गार करायचं आणि मग दवाखाना शोधायचा. हा क्रम उलटा करू नका. सावलीत घ्या, साधं नळाचं किंवा विहिरीचं पाणी पोटावर, जांघांत, काखेत ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होऊन उष्णता कोंडतो. थर्मामीटर गाडीत ठेवाच. ताप १०३ वर उतरला की पाणी ओतणं थांबवा, मग एसी लावून निघा. नंतर कुत्रा बरा दिसला तरी डॉक्टरांना दाखवा, आतली हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते.

हरिहरेश्वरला मंदिरामागचा प्रदक्षिणेचा मार्ग कुत्र्याला घेऊन करू नका. तो देवाचा मार्ग आहे हे एक, आणि तिथल्या लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत हे दुसरं. तिथून बागमांडल्याची जेटी जवळच आहे. सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे वेश्वी, आणि रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू.

फेरीबोटीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण या रस्त्यावर तुम्ही तीनदा बोटीत चढणार आहात: बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. बोटीची पुढची लोखंडी फळी जेटीवर पडते तो आवाज कुत्र्याने आयुष्यात ऐकलेला नसतो. फळी आणि जेटी यांच्यात फट असते, ओहोटीला जेटीचा खालचा भाग शेवाळाने गुळगुळीत असतो, दुपारी लोखंड तापलेलं असतं, आणि आजूबाजूला मोटरसायकली पुढे घुसत असतात. म्हणून कुत्रा चालत चढवायचा नाही. तो गाडीत, काचा अर्ध्या, त्याच्याशेजारी मागे एकजण. गाडी जागेवर लागली, हँडब्रेक ओढला, बोट हलली, की मग हार्नेसला दोरी लावून खाली घ्या आणि मधोमध उभे राहा, कठड्याशी नको. बगळे आणि घारी बघून पाण्यात झेप घेतलेले कुत्रे खलाशांनी वर काढलेले आहेत. कुत्रा पोहतो हो, पण खाडीच्या मुखाशी ओढ असते आणि बोटीचा पंखा चालू असतो. दाभोळच्या बोटीतून मागे वळून बघाल तर काठावरची आदिलशाही काळातली दगडी मशीद, तिचा घुमट आणि माड एका चौकटीत येतात. पार होईपर्यंत दहाएक मिनिटं वारा खात उभं राहावं, ब्रुनोलाही तो वारा फार आवडेल.

वेश्वीला उतरल्यावर बाणकोटचा किल्ला चुकवू नका. कुत्रा असलेल्या माणसांसाठी या टापूतली सगळ्यात चांगली जागा ती. गाडी जवळपर्यंत जाते, गर्दी नसते, आणि तटावरून सावित्री समुद्राला मिळते ते मुख आणि पलीकडचा हरिहरेश्वरचा डोंगर समोर दिसतो. १७५६ मध्ये इंग्रजांनी हा घेतला आणि नाव ठेवलं फोर्ट व्हिक्टोरिया. सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर जा. मात्र तिथे आणि या किनाऱ्यावरच्या सगळ्या कातळावर, सड्यावर म्हणजे कातळाच्या माळावर, आणि गडग्यांपाशी म्हणजे दगडी कुंपणांपाशी एकाची आठवण ठेवायची, ते म्हणजे फुरसं हा विषारी साप.

फुरसं लहान असतं, वीतभर-दीडवीत, जांभ्याच्या रंगात मिसळून जातं. दिवसा दगडाखाली, संध्याकाळी बाहेर. अंगाचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज काढतं, आणि कुत्र्याला तो आवाज म्हणजे आमंत्रण वाटतं. दंश बहुतेक नाकाला, ओठाला नाहीतर पुढच्या पायाला होतो. तासाभरात सूज, मग दंशाच्या जागेतून किंवा हिरड्यांतून रक्त झिरपत राहतं, कारण विषाने रक्त गोठेनासं होतं. गडग्याच्या फटीत नाक घालायची सवय असलेला एक बीगल माझ्याकडे आला तेव्हा त्याचं तोंड दुप्पट झालं होतं. तो वाचला, कारण मालकाने पायपीट न करता त्याला उचलून आणलं आणि वाटेत कुठे थांबला नाही. दोरी करकचून बांधू नका, कापू नका, चोखू नका, कुणी सांगितलं म्हणून पाला चोळू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या दंशानंतर द्यायची एकच प्रतिविषाची लस आपल्याकडे मिळते, माणसाला तीच आणि कुत्र्यालाही तीच. प्रत्येक पशुवैद्याकडे ती असेलच असं नाही, म्हणून निघण्याआधीच पुढच्या मुक्कामाच्या गावातल्या डॉक्टरांचा नंबर घेऊन ठेवा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर आहे. आणखी एक: गावातल्या सरकारी दवाखान्यांत श्रेणी एकच्या ठिकाणी पशुवैद्यकीय पदवीधर अधिकारी असतो, श्रेणी दोनच्या ठिकाणी बहुधा पशुधन पर्यवेक्षक. एक्स-रे, सोनोग्राफी, भूल देऊन शस्त्रक्रिया लागली तर चिपळूण किंवा रत्नागिरी गाठावी लागते. हे आधी माहीत असलं की निम्मी धावपळ वाचते.

वेळास, केळशी, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ब्रुनोला मोकळा सोडू नका. यात माझं ब्रुनोशी काही वैर नाही. ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबरपासून. घरट्यांतून पिल्लं निघायला दीड-दोन महिने लागतात, त्यामुळे एप्रिल आणि मेच्या सुरुवातीपर्यंत पिल्लं समुद्राकडे जात असतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना धरून हे काम उभं केलं. त्याआधी अंडी जायची ती माणसांच्या, कोल्ह्यांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडी. कुत्र्याला वाळूखालचं अंडं दीड फुटावरून कळतं. पहाटे पिल्लं सोडताना बघायचं असेल तर कुत्रा खोलीवर एकाजवळ ठेवून जा.

मग त्याला समुद्र द्यायचा कधी? इथे थोडं पंचांग कामाला येतं. आमच्याकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळी पोचलात तर किनाऱ्यावर पाणी चढलेलं असणार. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि संध्याकाळी पाच-सहाला पाणी दूर गेलेलं असतं. तेव्हा ओली, कडक, गार वाळू मिळते, कुत्र्याला चालवायला याहून चांगली जमीन नाही. तिथी बघून मुक्काम आखा. वाळू तापली आहे का हे हाताच्या उलट्या बाजूने बघा. पाच-सात सेकंद हात ठेववत नसेल तर त्याचे पायही ठेवू नका.

ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर मात्र नेऊ नका. तिथे कालवं असतात आणि त्यांच्या शिंपांची धार ब्लेडसारखी लागते. सुट्टीच्या दिवसांत माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी जखम हीच, पंजाची गादी आडवी कापलेली. गोड्या पाण्याने भरपूर धुवा, स्वच्छ फडक्याने सलग पाच-दहा मिनिटं दाबून धरा, वर मोजा चढवा. हळद, चहापूड, बाम असलं काही आत भरू नका, ते सगळं काढण्यात माझा अर्धा तास जातो. खाडीच्या तोंडाशी दिसणारा काळा चिखलही टाळा, त्यात कुत्रा पोटापर्यंत रुतला की काढायला जाणारा माणूसही रुततो. आणि कृपा करून वाळूवर गाडी घालू नका. ओहोटीला चाक रुतलं आणि भरती चढली की मग ट्रॅक्टर, दोरखंड, अर्धं गाव आणि तुमचा व्हिडिओ.

समुद्राचं पाणी ब्रुनो पिणारच. थोडं गेलं तर संध्याकाळी जुलाब, जास्त गेलं तर उलट्या, लटपट, झटके. दर दहा मिनिटांनी ओढून बाहेर काढा आणि गोडं पाणी पाजा. लाटेत चेंडू फेकू नका, प्रत्येक चेंडूबरोबर घोटभर खारं पाणी आणि वाळू पोटात जाते. वाळूने आतडं भरलेलं कुत्रं बघितल्यावर मी ही सूचना कागदावर लिहून द्यायला लागलो.

आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीकडे चढणाऱ्या रस्त्यावरून हर्णैची बाजू आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसतो. संध्याकाळी साडेपाचनंतरचा तो देखावा माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वांत देखणा. देवळाबाहेर रस्त्याच्या कडेला कुत्रा घेऊन निवांत बसता येतं. हर्णैचा मासळीचा लिलाव मात्र ब्रुनोशिवाय बघा. दुपार कलली की होड्या लागतात, टोपल्या उतरतात, बोली सुरू होते. माणसाला मजा, कुत्र्याला ती शंभर आमिषं. मासे खाल्ल्याचं मला काही नाही. मला भीती दोन गोष्टींची. पहिली गळ. आमिषासकट गळ गिळलेला कुत्रा आला की तोंडातून तंगूसाचा दोरा लोंबत असतो आणि मालकाने तो ओढून बघितलेला असतो. ओढू नका, तोडूही नका, तसाच आणा. दुसरी केंड. जाळ्यात आलेला हा फुगणारा मासा कोळी खात नाहीत, वाळूवर फेकून देतात. त्याचं विष शिजवून किंवा सुकवूनही जात नाही आणि त्याला उतारा नाही. लाळ, मग मागचे पाय लुळे, मग श्वास मंद. किनाऱ्यावर गोल, काटेरी किंवा गुळगुळीत पोटाचा मेलेला मासा दिसला की वाट बदला.

आता मुक्काम. घरगुती निवासाच्या मालकांना फोनवर "पेट चालेल ना?" एवढंच विचारू नका. कुत्रा रात्री कुठे झोपेल, घरात दुसरा कुत्रा-मांजर आहे का, फाटक लागतं का, उंदरांचं औषध कुठे टाकलंय का, विहिरीला कठडा आहे का, हे सगळं विचारा. शेवटचे दोन प्रश्न चमत्कारिक वाटतील, पण विचाराच. नारळी-पोफळीच्या वाड्यांत उंदीर-घुशींसाठी विषाच्या वड्या ठेवलेल्या असतात, आणि जुन्या विहिरींचा कठडा कधी कधी गुडघ्याएवढाही नसतो. कुत्र्याला माडाखाली बांधू नका. नारळ पडायच्या आधी कुणाला सांगत नाही.

एप्रिलअखेर म्हणजे अंगणात साठं, फणसपोळी, पापड, आमसुलं वाळत घातलेली असणार. घरच्या काकूंनी आठवडाभर खपून घातलेल्या त्या थरावरून ओल्या पायांचा लॅब्राडोर गेला, किंवा त्याने कोपऱ्यात पाय वर केला, तर तुमचं पुढचं जेवण कसं असेल ते मी सांगायला नको. पोचल्याबरोबर त्याला आधी वाडीबाहेर फिरवून आणा आणि मग फाटकातून आत घ्या. अंगणातला त्यांचा कुत्रा भुंकेल, त्याला आधी लांबून वास घेऊ द्या. गावठी कुत्र्यांची टोळी अंगावर आली तर पाठ फिरवून पळू नका, ब्रुनोला जवळ घेऊन सावकाश मागे सरा.

रात्री कुत्रा खोलीत हवा, पडवीतही नको. बिबट्या कोकणात गावाच्या कडेनेच राहतो आणि बांधलेला कुत्रा त्याला सोपा. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून अभ्यास केला, तेव्हा आहारातल्या वजनाचा ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला होता. तो टापू घाटावरचा, पण आमच्या गावांत ज्यांच्या घरची कुत्री गेलीत ते याला मान डोलावतील. पहाटे लघवीला बाहेर काढायचं तर टॉर्च, दोरी आणि सोबत माणूस. रानात शिरू नका, डुकरांसाठी लावलेली तारेची फासकी असतात.

आणि आंबा. मला एकाच गोष्टीवर बोलायला सांगितलं तर मी आंब्याच्या कोयीवर बोलेन. जेवणानंतर अंगणात आंबे चोखणं चालतं, कोयी टोपलीत नाहीतर झाडाच्या बुंध्याशी जातात. लॅब्राडोर चावत बसत नाही, गिळतो. हापूसची कोय त्याच्या घशातून सहज उतरते, पोटात विरघळत नाही, आणि तिथून पुढे सरकली की लहान आतड्यात अडकते. गंमत अशी की हे लगेच होईल असं नाही. कोय कधी कधी पोटात दिवसेंदिवस पडून राहते. तुम्ही पुण्याला परत जाता, कामाला लागता, आणि मग कुत्रा खाणं सोडतो, पाणी प्यायलं तरी ओकतो, पाठ कमानीसारखी करून उभा राहतो, शी होत नाही. तिथल्या डॉक्टरांना तुम्ही "बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल" एवढंच सांगता, आणि साध्या एक्स-रेवर कोय नीट दिसेलच असं नसतं. "कोकणात होतो, आंब्याचे दिवस होते" हे वाक्य त्यांना सांगा, ते सोनोग्राफी करतील. गिळताना डोळ्यांनी पाहिलं असेल तर मीठ-पाणी पाजून ओकवायच्या फंदात पडू नका, वर येताना ती अन्ननलिकेत अडकली तर जास्त वाईट. लगेच फोन करा. नुसता गर खाल्ला तर काही होत नाही, थोडा द्या हवा तर.

काजूच्या झाडाखालीही लक्ष ठेवा. खाली पडलेल्या बोंडूचं त्याला काही होत नाही, पण बी फोडली तर टरफलातलं तेल ओठ आणि जीभ भाजतं, फोड येतात. ओठांना खोबरेल लावून पुसा, नंतर भरपूर पाण्याने तोंड धुवा. धुताना पाणी बाजूने मारा, घशात नको.

जेवणाचं तेवढं सोपं आहे. त्याचं रोजचं खाणं पुण्याहूनच घ्या. कुणी प्रेमाने सुरमईचं डोकं किंवा कोंबडीची हाडं पुढे केली तर हसून नको म्हणा. दही-भात चालतो, थोडं शहाळ्याचं पाणी चालतं.

गुहागरचा किनारा लांबलचक आणि सपाट आहे, सुट्टीचे दिवस सोडले तर सकाळी मोकळा असतो. सगळ्या प्रवासात दोन मुक्काम एकाच ठिकाणी करायचे असतील तर तिथे करा. हेदवीला बामणघळीत भरतीचं पाणी चिंचोळ्या फटीतून उसळतं, ते बघताना कुत्रा कडेपासून बराच आत हवा. तवसाळची बोट ओलांडली की जयगड, मग मालगुंड. राहायला गणपतीपुळ्यापेक्षा मालगुंड बघा. देवळाच्या किनाऱ्यावर उंट, घोडे, मक्याची कणसं आणि गर्दी असते, त्यात कुत्रा बावरतो, आणि तिथला समुद्रही दगाबाज आहे. आरे-वारेचा रस्ता तर तुम्ही गाडी थांबवल्याशिवाय पार करूच शकणार नाही. वळणावर एकदम खाली दोन्ही किनारे दिसतात, मधे टेकडी, पाणी निळं-हिरवं. थांबा जरूर, पण तिथेच सगळ्यांची दारं एकदम उघडतात, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला धावता रस्ता असतो. आधी हार्नेसला दोरी, दोरी हातात, मग दार. पट्ट्यावर दोन मोबाइल नंबर देवनागरीत लिहून शिवून घ्या. हरवलेला कुत्रा ज्या गुराख्याला सापडतो त्याला ते वाचता आले पाहिजेत.

परतताना आल्या वाटेने बोटी घेत बसू नका. हातखंब्यावरून साखरप्याला येऊन आंबा घाट चढा, किंवा चिपळूणहून कुंभार्ली चढून कोयनानगर-पाटणमार्गे कराडला या. आंबा घाटात सावली जास्त, कुंभार्लीत वळणं जास्त. ब्रुनो जाताना ओकला असेल तर आंबा.

घरी पोचल्यावर त्याला साध्या पाण्याने अंघोळ घाला, कान कोरडे करा आणि बोटं फिरवून गोचिडी शोधा: कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल ओतू नका, नखाने चिरडू नका. गोचिडीचा ताप एक ते तीन आठवड्यांनी वर येतो: कुत्रा मलूल, खाणं बंद, हिरड्या पांढुरक्या, कधी नाकातून रक्त, कधी लघवी कॉफीच्या रंगाची. असं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, प्लेटलेट्स आणि रक्ताचा काचेवरचा नमुना दोन्ही. वेळेत औषध सुरू झालं तर बहुतेक कुत्री उठतात. गोचिडी न चढण्यासाठी महिनाभर चालणारी गोळी मिळते, ती निघायच्या आठवडाभर आधी द्या. त्यासाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा लसीकरणाची वही बरोबर न्या. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लशीला वर्ष उलटून गेलं असेल तर ती घेऊन, दोन आठवडे जाऊ देऊन मगच निघा.